ग्लास ठेवायचा कुठं?

गेल्या वर्षी एका चौथ्या शनिवारी आमच्या बँकेनं 'ताण व्यवस्थापन' कार्यशाळा ठेवली होती. २०१५ च्या सप्टेंबरपासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते, म्हणून तो दिवस सोयीचा. साडेनऊला हजेरी, पोहे, चहा, मग एक हसतमुख प्रशिक्षक. त्यांनी पाण्याचा अर्धा ग्लास हात लांब करून धरला आणि विचारलं, "याचं वजन किती?" अशा दोन-तीन कार्यशाळा ज्यांनी काढल्यात त्यांना पुढचं पाठ असतं. वजनाला महत्त्व नाही, किती वेळ धरता त्याला आहे. मिनिटभर धरला तर काही वाटत नाही, तासाभरात हात भरून येतो, दिवसभर धरला तर बधिर होतो. तेव्हा काळज्यांचा ग्लास रात्री खाली ठेवायला शिका. टाळ्या झाल्या. सुरुवातीला सगळ्यांचे फोन एका टोपलीत गोळा केले होते आणि त्यातला आमच्या कॅशियरचा फोन पालथा पडल्या पडल्या सारखा थरथरत होता. टाळ्या ओसरल्यावर ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "ठेवते की सर. टेबल कुठंय तेवढं सांगा."

सगळे हसले. प्रशिक्षकही हसले आणि पुढच्या स्लाइडवर गेले. मी मात्र तिथंच अडकलो. ताणाबद्दल आपल्याकडे गेली काही वर्षं जो वाद चाललाय, त्यात इतका नेमका प्रश्न मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

वाद आठवून पाहा. २०२३ च्या ऑक्टोबरात नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं सुचवलं आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनी-जपानचा दाखला दिला. २०२४ च्या जुलैत पुण्यात, एका बड्या कंपनीत लागून चारच महिने झालेली २६ वर्षांची सीए मुलगी गेली. सप्टेंबरात तिच्या आईचं पत्र घरोघरी वाचलं गेलं. कामाच्या ओझ्यानं लेक गेली असं आईचं म्हणणं. कंपनीनं ते मान्य केलं नाही. त्याच सुमारास अर्थमंत्री निर्मला सीतारामन म्हणाल्या की घरानं आणि शिक्षणसंस्थांनी मुलांना ताण पेलायचं आतलं बळ द्यायला हवं. टीका झाली तेव्हा मुलीला दोष देण्याचा हेतू नव्हता, असा खुलासाही त्यांनी केला. मग २०२५ च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांची चित्रफीत फिरली. रविवारी तुम्हाला कामाला लावता येत नाही याची खंत, ९० तासांची भलामण, आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार हा सवाल.

दर वेळी दोनच फळ्या उभ्या राहिल्या. एक फळी म्हणते, आजची पोरं नाजूक. जरा कुणी आवाज चढवला की यांना डिप्रेशन येतं. ध्यान करा, श्वासाकडे लक्ष द्या, पहाटे पाचला उठा. दुसरी फळी म्हणते, ध्यानबिन सगळं थोतांड, मालकांनी चारलेली अफू. दोष सगळा व्यवस्थेचा. टीव्हीवर तासभर हा चेंडू इकडून तिकडे टोलवला जातो आणि तो कार्यक्रम उभा करणारी पोरं मध्यरात्रीच्या लोकलनं पेंगत घरी जातात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ताण हा पहिल्यांदा घड्याळाचा प्रश्न आहे, आणि आपल्या कामावर आपला ताबा किती याचा. तो मनाचाही आहे, पण मनाची पाळी नंतर येते. मन ताळ्यावर ठेवायच्या ज्या विद्या आहेत, म्हणजे योग, ध्यान, समुपदेशन, गाणं, नुसतं चालणं, त्या खऱ्या आहेत. त्यातल्या दोन मी स्वतः वापरतो. पण प्रत्येकीला मोकळा वेळ लागतो. तो वेळ ज्याच्याकडून काढून घेतलाय त्यालाच शांततेचा धडा देणं म्हणजे ताटातली भाकरी उचलायची आणि पचनावर व्याख्यान द्यायचं.

'ताण' ही कल्पना शरीरशास्त्रात आली कशी, ते मुळातून पाहण्यासारखं आहे. १९३६ मध्ये माँट्रियलच्या हान्स सेल्ये यांनी 'नेचर'मध्ये एक छोटंसं टिपण छापलं. उंदीर थंडीत ठेवा, त्यांना जखम करा, दमेस्तोवर पळवा, विषारी द्रव्यं टोचा. कारण कुठलंही असो, शरीराची तक्रार एकच. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी सुजतात, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसते, जठरात व्रण पडतात. त्या उंदरांना सकारात्मक विचार करा असं सांगायला कुणी गेलं नाही, कारण थंडी त्यांच्या डोक्यात नव्हती, पिंजऱ्यात होती. पुढे सेल्येंनीच चांगला ताण आणि वाईट ताण असा फरक केला, तोही मला मान्य आहे. परीक्षेच्या आदल्या रात्रीची धडधड, घरातल्या लग्नाची धावपळ, मार्चअखेरची खाती बंद करताना अंगात येणारी चपळाई, याशिवाय माणूस उभाच राहत नाही. ढोलकीला ताण नसेल तर ती वाजायची नाही. पण वाजवून झालं की ढोलकीवाला कड्या सैल करून ठेवतो, हे फडावर पोरासोरांनाही ठाऊक असतं.

आता ताब्याचं. १९६७ मध्ये लंडनमधल्या सरकारी नोकरांच्या तब्येतीचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. व्हाइटहॉल अभ्यास या नावानं तो ओळखला जातो आणि मायकेल मार्मट यांचं नाव त्याच्याशी कायमचं जोडलं गेलंय. जबाबदारी जितकी मोठी तितका हृदयावर भार जास्त, म्हणजे झटका आधी मोठ्या साहेबाला येणार, असा आपल्या सगळ्यांचाच समज. निघालं उलटं. हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण सगळ्यात खालच्या पायरीवर सगळ्यात जास्त, आणि पायरी चढत जाल तसं कमी. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब घातला तरी फरक पुरता पुसला जाईना. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या फेरीत एक धागा ठळक झाला: कामावर ज्याचा ताबा कमी, त्याच्या हृदयाला धोका जास्त.

'मी स्वतः १४ तास काम करतो' असं कुठलाही अध्यक्ष सांगतो तेव्हा मला हा अभ्यास आठवतो. ते खोटं बोलत नसतील. पण त्यांचे १४ तास आणि आमच्या कॅशियरचे ११ तास यांचं माप एक नाही. बैठक किती वाजता, ते अध्यक्ष ठरवतात. मधे डुलकी काढतात, गाडीत मागच्या सीटवर बसून फोन करतात, आणि घरी गेल्यावर पोळ्या त्यांना लाटाव्या लागत नाहीत. तिचं कसं असतं? दिवसभर काउंटर, नोटा मोजायच्या, फाटक्या वेगळ्या काढायच्या. साडेचारला रोकड जुळवायला घ्यावी तर पाचशेची एक नोट कमी. ती शोधतानाच ग्रुपवर वरून मेसेज पडतो, 'आज विम्याच्या पाच पॉलिसी लॉगिन झाल्याच पाहिजेत, झाल्याशिवाय शाखा बंद करू नये.' रोकड तिच्या हातात आहे. पाच माणसांनी विमा घ्यावा की नाही, हे नाही. नेमक्या त्या न-हातातल्या गोष्टीचा जाब रात्री नऊ वाजता तिला द्यायचा असतो. हा ताण श्वासोच्छ्वासानं जातो का? थोडा जातो. रात्री झोप लागण्यापुरता. सकाळी ग्रुप पुन्हा वाजतोच.

समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा हा की तीच परिस्थिती दोन माणसांना दोन तऱ्हेनं लागते. त्याच शाखेत, त्याच साहेबाखाली एकजण गोळ्यांवर येतो आणि दुसरा संध्याकाळी कॅरम खेळतो; मग फरक मनातच नाही का? आहे. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठी माणसापर्यंत पोचवली, तिचा गाभाच हा की घटना आणि आपली व्यथा यांच्यामध्ये आपली समजूत बसलेली असते, आणि समजूत बदलता येते. 'मला प्रत्येकानं चांगलंच म्हटलं पाहिजे' हा हट्ट सोडला की साहेबाच्या ओरडण्याचा डंख कमी होतो, हे मी माझ्यावरच पाहिलंय. गोव्यात 'संगात' या संस्थेनं तर आणखी पुढचं दाखवून दिलं. प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टरकीची पदवी नसलेल्या पण नीट शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत डिप्रेशनच्या रुग्णांना मोजता येईल इतका आराम दिला. ज्या देशात लाख माणसांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही धड वाट्याला येत नाही, तिथं ही बारकी गोष्ट नव्हे. मानसिक उपचारांना 'अफू' म्हणून झटकणाऱ्यांनी हे अभ्यास एकदा डोळ्यांखालून घालावेत.

पण या मुद्द्यातून जो निष्कर्ष काढला जातो तो निघत नाही. पावसात भिजल्यावर सगळ्यांनाच ताप येत नाही, म्हणून छप्पर गळतंय ते गळू द्यावं का? जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून एक अंदाज मांडला. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. अशा लांबलेल्या तासांपायी एका २०१६ सालात जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसं या दोन आजारांनी गेली. या आकड्यांत कणखरही असतील आणि नाजूकही. मेंदूतली रक्तवाहिनी फुटताना ती माणसाचा स्वभाव विचारत नाही. शिवाय गोव्यातल्या त्या बैठकांत नुसतं 'मन घट्ट करा' असं सांगत नव्हते. रुग्णाचा दिवस कसा जातो ते विचारत, त्यातली अडचण शोधत, ती सोडवायला हात देत. म्हणजे कॅशियरच्या भाषेत, टेबल शोधायला मदत करत.

"आमच्या वेळी नव्हती असली थेरं" हा दुसरा मुद्दा. तो मी घरातच ऐकत वाढलो, त्यामुळे त्याच्याबद्दल मला थोडी मायाही आहे. आजी पहाटे चारला जात्यावर बसायची, हे खरं. गिरणीतला माणूस तीन पाळ्या आलटून पालटून करायचा, कापसाच्या तंतूंनी भरलेल्या हवेत, हेही खरं. कष्ट आमच्यापेक्षा जास्तच होते. पण गिरणीला भोंगा होता. भोंगा झाला की साचा, म्हणजे माग, दुसऱ्याच्या हातात जायचा. साचा कुणी खिशात घालून चाळीत आणत नव्हतं, आणि जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, रात्री अकराला उशाशी येऊन 'पाहिलंस का?' विचारत नव्हता. आणि त्यांना ताण नव्हता असं कोण म्हणतं? दारूच्या गुत्त्यावर तो जमा व्हायचा, घरातल्या बाईच्या पाठीवर उमटायचा, कुणाच्या 'अंगात यायचा'. त्याला नाव नव्हतं इतकंच. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप कधी मिटलाच नाही. अडीच लाख कामगारांचा ताण तेव्हा कुठल्या वहीत नोंदला गेला? गिरणगावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, ते वही न उघडता सांगतील.

आता देशाच्या प्रगतीचा मुद्दा, आणि इथं मला जरा रेंगाळायचंय, कारण हा वाद आपण १४० वर्षांपूर्वी एकदा पुरता घालून बसलोय.

१८८० च्या सुमारास मुंबईच्या गिरण्या उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चालत. ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. सण आला किंवा यंत्र साफ करायचं निघालं की खाडा, तोही मालकाच्या सोयीनं. महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या वतीनं फॅक्टरी कमिशनपुढे मागण्या ठेवल्या. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहाला काम सुरू आणि सूर्यास्ताला बंद, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. यादी पुन्हा वाचून पाहा. यातली कुठली मागणी आपण आज 'आरोग्यदायी जीवनशैली'च्या तक्त्यात घालणार नाही? झोप, जेवणाची सुट्टी, आठवड्यातून एक मोकळा दिवस, पैशाची विवंचना नको. महाराष्ट्रातल्या ताण व्यवस्थापनाचा हा पहिला जाहीरनामा, आणि त्यात मन हा शब्द नाही.

त्याला विरोध कुणी केला? मालकांनी केलाच. इकडचा मजूर मुळातच सुस्त, मधून मधून विडी ओढायला जातो, त्याला वेगळी विश्रांती कशाला, असं सांगितलं गेलं. पण त्या वेळच्या बऱ्याच राष्ट्रवादी पत्रांनीही कामगार कायद्यांना विरोध केला, आणि त्यांचा युक्तिवाद हलका नव्हता. मुंबईच्या स्वस्त कापडानं इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचं पोट दुखतंय, म्हणून कामगारांचा कळवळा दाखवत ते इथल्या नव्या उद्योगाचे पाय ओढतायत, असा. लँकेशायरचा स्वार्थ होता, यात शंकाच नाही. देशाचा उद्योग की मजुराची सुट्टी, असा पेच घातला होता, आणि आजच्या '७० तास की विकसित भारत' या पेचापेक्षा तो कितीतरी खरा होता. लोखंडे त्या पेचात अडकले नाहीत. परकीय मालकाचा स्वार्थ खरा म्हणून देशी मजुराची पाठ दुखायची थांबत नाही, एवढं साधं त्यांना दिसत होतं. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, दोन कामगार स्त्रियांनी भाषणं केली, आणि १० जून १८९० ला गिरणी मालकांच्या संघानं रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही सुट्टीसाठी कारण म्हणून पुढे केलं गेलं होतं, असं सांगतात. मला ते फार आवडतं. आम्हाला देवाला जायचंय, आमच्या दिवसावर तुमच्याआधी दुसऱ्या कुणाचा हक्क आहे! त्यानंतर गिरण्या बुडाल्या का? पुढची कित्येक दशकं त्या वाढतच गेल्या.

जपानचंही उत्तर देऊन टाकतो. युद्धानंतर जपान राबला आणि वर आला, खरंय. पण पुढे अतिकामानं येणाऱ्या मरणासाठी त्या देशाला 'कारोशी' हा स्वतंत्र शब्द रुळवावा लागला. २०१४ मध्ये ते मरण टाळण्यासाठी कायदा करावा लागला आणि २०१८ मध्ये जादा कामाच्या तासांना कायद्यानं लगाम घालावा लागला. शेजाऱ्याचा दाखला द्यायचा तर त्याच्या घराच्या उंचीबरोबर त्याच्या दवाखान्याचं बिलही वाचून दाखवायला हवं.

इकडे आपण उलट्या वाटेनं निघालोय. २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यांत दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ वर आणि दुकानं-आस्थापनांत ९ वरून १० वर न्यायला मंजुरी दिली. कारखान्यातल्या ओव्हरटाइमची तिमाही मर्यादा ११५ तासांवरून १४४ वर. कामगाराची लेखी संमती लागेल, जादा कामाचा दुप्पट पगार मिळेल, असं सरकार म्हणतं. दुप्पट पगार मिळाला तर कित्येकजण आनंदानं थांबतील, हे मला कळतं. ओव्हरटाइमवर मुलांच्या फिया भरणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत. पण संमतीच्या कागदावर सही 'नको' अशी करायची तर ज्याच्यासमोर करायची तोच माणूस उद्या रजा मंजूर करणार असतो. शिवाय शहरातल्या निम्म्या टायवाल्या पोरांना हे कायदे शिवतही नाहीत. 'असिस्टंट मॅनेजर' असं कार्ड छापून दिलं की माणूस व्यवस्थापकीय पदावर जातो आणि कामगार या व्याख्येतून अलगद बाहेर पडतो. कार्डावर मॅनेजर, आणि मॅनेज करायला हाताखाली फक्त एक माउस.

शेतकऱ्याच्या बाबतीत आपण हा धडा थोडाफार शिकलो होतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्यांवर सुरुवातीला प्रवचनं खूप झाली, मनोबल वाढवा म्हणून. पुढे अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांना तयार करून घरोघरी पाठवलं, तेव्हा डिप्रेशन असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. मनाचं दुखणं खेड्यातला माणूस बोलून दाखवत नाही, हे त्यानं खोटं ठरवलं. विचारणारा दारात यायला हवा. पण त्या दारातून आत गेल्यावर कर्जाची तारीख, पडलेला भाव, पोरीचं लग्न हे समोर येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. कापसाला भाव मिळत नसलेल्याला कुणी फक्त प्राणायाम शिकवायला गेलं तर गाव त्याला वेशीपर्यंत पोचवून येईल. मग कॉम्प्युटरसमोर बसलेल्याच्या बाबतीत तेच शहाणपण आपल्याला का सुचत नाही?

या सगळ्यात तुकोबांना ओढलं जातं त्याचा मला खरा राग येतो. 'मन करा रे प्रसन्न, सर्व सिद्धीचें कारण' ही ओळ त्या शनिवारीही तिसऱ्या स्लाइडवर होती, मागे सूर्योदय. ओळ मोठीच आहे. पण ती लिहिणाऱ्या माणसानंच 'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली' असंही लिहून ठेवलंय. ते दु:ख त्यांनी मनाचा खेळ म्हणून झटकलं नाही. दुष्काळाला दुष्काळ म्हटलं, भुकेला भूक. आणि परंपरा सांगते ती गोष्ट आठवा. घरात सावकारी होती. भामनाथाच्या डोंगरावरून परतल्यावर त्यांनी लोकांकडून येणं असलेली खतं, म्हणजे कर्जाचे कागद, काढली, निम्मी भावाची भावाला दिली आणि आपल्या वाटणीची इंद्रायणीत बुडवली. ज्यांच्या नावानं ती खतं होती, त्या देहूच्या कुळांना त्या रात्री कशी झोप लागली असेल? त्यांना प्रसन्न राहा म्हणून सांगायला कुणी गेलं नसेल. तुकोबांच्या नावानं ताण व्यवस्थापन करायचं असेल तर आपल्या हातात कुणाची खतं आहेत, हे आधी बघावं लागेल. टार्गेटचा तक्ता हेही एक खतच आहे, आणि ते बुडवायची मुभा प्रशिक्षकाला नसते, त्याला बोलावणाऱ्याला असते.

दुसऱ्या फळीलाही थोडं ऐकवतो, नाहीतर ती उगाच खूश होईल. व्यवस्था बदलल्याशिवाय काही खरं नाही असं म्हणणारी माणसं आज रात्री झोप न लागणाऱ्याला काय देतात? 'एकदा क्रांती होऊ दे' हे झोपेचं औषध नव्हे. २०२२ च्या ऑक्टोबरपासून १४४१६ या क्रमांकावर 'टेलि-मानस'ची फुकट सेवा आहे, मराठीतही बोलता येतं. आमच्या युनियनच्या फलकावर मोर्चाची तारीख होती, हा क्रमांक नव्हता. मी तो लिहायला गेलो तर एका जुन्या कार्यकर्त्यानं विचारलं, "आपण काय वेड्यांची युनियन आहोत का?" भांडवलदारांइतकीच लाज त्यालाही वाटत होती. आणि दुसरं, मोकळा वेळ मिळाला की कल्याण आपोआप होतं, हेही खरं नाही. मिळालेला तास फोनवर अंगठा घासण्यात जातो, हे मी माझंच सांगतो. वेळ मिळाल्यावर तो कसा घालवावा, ही शिकायचीच गोष्ट आहे, आणि तिथं प्रशिक्षक, समुपदेशक, भजनी मंडळ, तालीम, वाचनालय, सगळ्यांचं काम आहे. लोखंड्यांच्या रविवारानंतरच गिरणगावात भजनं आणि आखाडे रंगायला वाव मिळाला असेल. उलट क्रमानं ते व्हायचं कसं?

आणि घराच्या उंबऱ्याच्या आत? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं गेलेली दिसतात, आणि जो पुरुष घरकाम करतो त्याची ८८. बायकोकडे किती वेळ बघत बसणार, असं विचारणाऱ्याच्या लक्षात आलं नसेल की तिच्यापाशी त्याच्याकडे बघायला वेळच नाही. माझ्या घरात संध्याकाळी मी खुर्चीत डोळे मिटून वीस मिनिटं बसतो, त्या वीस मिनिटांत कुकरच्या तीन शिट्ट्या होतात. माझं ध्यान कुणाच्या वेळातून कापून आलंय हे कळायला मला बरीच वर्षं लागली. आता भाजी मी चिरतो. ध्यान दहा मिनिटांवर आलंय आणि तिला संध्याकाळी चालायला जाता येतं. मालकाकडे टेबल मागणाऱ्यानं घरात स्वतःचा ग्लास दुसऱ्याच्या हातात देऊ नये, एवढं तरी करता येतं.

मागायचं काय, हे फार अवघड नाही. कामाची वेळ संपल्यावर फोन न उचलण्याचा हक्क. फ्रान्सनं २०१७ पासून तो कायद्यात आणला आणि आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलंय. शाखेत रिकाम्या पडलेल्या जागा भरणं, कारण तीन माणसांचं काम दोघांनी केलं की उरतो तो ताण, आणि त्याला मानसशास्त्रीय नाव देऊन तो कमी होत नाही. टार्गेट ठरवताना ज्यानं ते गाठायचं त्याला विचारणं. आणि प्रत्येक मोठ्या आस्थापनात असा समुपदेशक, ज्याची टिपणं वरच्या साहेबाच्या टेबलावर जाणार नाहीत. यात क्रांती कुठंच नाही. लोखंड्यांच्या यादीपेक्षा हे साधंच आहे.

त्या शनिवारी दीड वाजता कार्यशाळा संपली तेव्हा अभिप्रायाचा फॉर्म दिला. एक ते पाच गुण, खाली 'सूचना' असा रकाना. कॅशियरनं टोपलीतून फोन घेतला, बावीस मेसेज पाहिले, पाचपैकी पाच गुण देऊन सही केली आणि धावत बस पकडायला गेली. मी सूचनेच्या रकान्यात लिहिलं, 'पुढची कार्यशाळा सुट्टीऐवजी कामाच्या दिवशी घ्यावी.' महिन्याभरानं सगळ्यांच्या सूचनांना मिळून एक मेल आला. माझ्या सूचनेपुढे लिहिलं होतं: 'कामाच्या दिवशी कर्मचाऱ्यांना इतका वेळ मोकळं सोडणं शक्य नाही.'